साराबाई हेल आणि उपकारस्तुतीची पंगत

मेरी नावाच्या मुलीच्या मागोमाग शाळेत गेलेल्या कोकराचे इंग्रजी गाणे आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस पाठ असते. मूल महाडच्या बाजारपेठेतील असो की पोलादपूरच्या घाटाखालील एखाद्या वाडीतील असो, इंग्रजीची पहिली ओळख त्यास पुष्कळदा ह्या कोकराच्याच संगतीने होते. परंतु हे गाणे कोणी रचिले असे विचारिले असता वरच्या वर्गांतील मुलेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. इ. स. १८३० मध्ये अमेरिकेतील एका विधवा बाईंनी मुलांकरिता कवितांचे एक लहानसे पुस्तक काढिले, त्यात ते प्रथम छापून आले. त्या बाईंचे नाव सारा जोसेफा हेल. वर्षातून एक दिवस सर्व देशाने मिळून ईश्वराचे उपकार मानावे व एका मेजाभोवती बसून जेवावे, असा राष्ट्रीय सण अमेरिकेस मिळवून देण्याचे श्रेयही ह्याच बाईंकडे जाते.

ह्या सणास इंग्रजीत थँक्सगिव्हिंग म्हणतात. आपण त्यास उपकारस्तुतीचा सण म्हणू. नोव्हेंबरच्या अखेरीस तो येतो. त्या दिवशी काय शिजवितात, मुख्य पदार्थाच्या जोडीस काय काय वाढितात, एवढ्या मोठ्या जेवणाची सिद्धता कशी करितात, ह्याचे कुतूहल मुलांस असते आणि पालकांसही असते. ती माहिती आम्ही पुढे देणारच आहोत. परंतु ज्या बाईंनी हे पान राष्ट्रापुढे मांडिले त्यांचे चरित्र जाणल्यावाचून त्या पानाचा अर्थ कळत नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून आधी चरित्र व त्याच्या ओघात पंगत, असा क्रम आम्ही ठेविला आहे.

सारा ही न्यू हॅम्पशायर संस्थानातील न्यूपोर्ट ह्या गावी ता. २४ ऑक्टोबर १७८८ रोजी जन्मली. तिचे वडील कॅप्टन गॉर्डन ब्यूएल हे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले होते व पुढे शेती करून राहिले होते. तो मुलूख डोंगराळ व कडाक्याच्या थंडीचा. आपल्याकडे चार महिन्यांच्या पावसाकरिता जशी आगोटीची बेगमी करावी लागते, तशी तिकडे हिवाळ्याची करावी लागे. शेतातील मका, सफरचंदे, भोपळे हे सर्व बर्फ पडण्यापूर्वी घरात आले म्हणजे कुटुंबाचे वर्ष निभावले, असा हिशेब असे. कापणी संपल्यावर उपकारस्तुतीचा एक दिवस पाळण्याची रीत त्या भागात पूर्वीपासून होती. ती केवळ त्या भागापुरती होती व प्रत्येक संस्थानाचा गव्हर्नर आपापल्या सोयीने तिची तारीख ठरवी.

त्या काळी अमेरिकेत मुलींस कॉलेजाचे दार बंद होते. साराची पहिली शाळा म्हणजे तिची आई मार्था. घरी पुस्तके थोडी; त्यांत पवित्र शास्त्र आणि जॉन बन्यनचा तो प्रसिद्ध ग्रंथ, ज्याचे हरि केशवजी ह्यांनी १८४१ मध्ये मराठीत ‘यात्रिकक्रमण’ केले, ही दोन प्रमुख. साराचा भाऊ होरेशिओ हा डार्टमथ कॉलेजात शिकत असे. सुटीत घरी आला म्हणजे आपण जे लॅटिन व तत्त्वज्ञान शिकलो ते तो बहिणीस शिकवी. अशा रीतीने कॉलेजाची पायरी न चढता तिने कॉलेजातील बराचसा अभ्यास पुरा केला. ज्या घरी भाऊ शिकतो व बहीण घरकाम करिते त्या घरच्या मुलांनी हा होरेशिओ ध्यानात ठेवावा. पुढे अठराव्या वर्षाच्या सुमारास साराने शाळेत शिकविण्यास आरंभ केला आणि लग्न होईपर्यंत ती शिक्षिका होती.

१८१३ मध्ये तिचा विवाह डेव्हिड हेल नावाच्या तरुण वकिलाशी झाला. हा संसार सुखाचा होता. रोज रात्री आठ ते दहा हे दोन तास पतिपत्नी एकत्र बसून वाचन व लेखन करीत. नऊ वर्षे हा नेम चालला. १८२२ च्या सप्टेंबरात डेव्हिड हेल फुप्फुसाच्या दाहाने अकस्मात वारले. हेलबाईंस तेव्हा चौतीसावे वर्ष पुरे होण्यास एक महिना उरला होता. पदरी चार मुले होती, थोरला सात वर्षांचा. आणि पाचवे मूल बापाच्या मृत्यूनंतर दोन आठवड्यांनी जन्मास आले. त्या दिवसापासून बाईंनी काळा पोशाख अंगावर घेतला तो पुढील सत्तावन्न वर्षांत उतरविला नाही.

आता ह्या घराचा चूल्हा कसा पेटावा? डेव्हिड हेल ज्या फ्रीमेसन मंडळाचे सभासद होते त्या मंडळाने विधवेस हात दिला. नणंदेबरोबर बाईंनी बायकांच्या टोप्यांचे दुकान घातले. परंतु त्यांचे मन सुईपेक्षा लेखणीत अधिक रमे. मंडळाच्याच साहाय्याने १८२३ मध्ये त्यांचा पहिला कवितासंग्रह निघाला. मग रात्री मुले निजल्यावर त्यांनी एक कादंबरी लिहिण्यास घेतली. ‘नॉर्थवुड’ ह्या नावाने ती १८२७ मध्ये प्रसिद्ध झाली. ह्या कादंबरीत उपकारस्तुतीच्या जेवणाचे वर्णन करण्यास बाईंनी एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. आज अमेरिकेत त्या दिवशी जे पदार्थ परंपरेचे म्हणून मेजावर येतात, त्यांतील पुष्कळांचे चित्र त्या प्रकरणात दिसते.

त्या मेजावर शुभ्र कापड अंथरिले आहे. घरातील लहानांतील लहान मुलासही त्या दिवशी मोठ्यांच्या पंक्तीस जागा आहे. मेजाच्या अग्रभागी भाजलेला टर्की. हा पक्षी मूळचा अमेरिकेतीलच, आपल्या कोंबड्याहून कितीतरी थोराड. त्याच्या पोटात पावाचा चुरा, कांदा व सुगंधी पाला ह्यांचे सारण भरितात. आपण वांगी भरितो तोच प्रकार, फक्त वांग्याच्या जागी पक्षी. दुसऱ्या टोकास गाय, डुक्कर व मेंढा ह्यांच्या मांसाचे मोठे तुकडे. मध्ये कोंबडीचे एक भव्य पक्वान्न, वर पिठाचे आवरण घालून भाजलेले. शिवाय बदके, भाज्यांच्या थाळ्या, रश्श्याची भांडी, लोणची, मुरंबे, लोणी व गव्हाचा पाव. बाजूस वेगळ्या मेजावर गोड पदार्थ. त्यांत अनेक प्रकारच्या भरल्या भाजलेल्या पोळ्या, ज्यांस तिकडे पाय म्हणतात. ह्या सर्व पायांत मानाची जागा लाल भोपळ्याच्या पायीस दिलेली आहे.

आमच्या वाचकांस हे पान परके वाटेल. परंतु नीट पाहिले तर तितके परके नाही. आपल्या पानास डावी बाजू असते व उजवी बाजू असते. मीठ, लिंबू, लोणचे, चटणी, कोशिंबीर ही डावीकडे, भाजी, उसळ, पातळ भाजी ही उजवीकडे, मध्ये भात. डावी बाजू नसेल तर पोट भरते पण जेवण होत नाही, हे प्रत्येक गृहिणी जाणते. उपकारस्तुतीच्या मेजावरही असेच आहे. टर्कीचे मांस मुळात सौम्य व काहीसे कोरडे. त्यास ओलावा रश्श्याने येतो, चव सारणाने येते, आणि तोंडास उठाव क्रॅनबेरी नावाच्या लाल आंबट फळाच्या मुरंब्याने येतो. हे फळ तिकडच्या दलदलीच्या जमिनीत होते. आपल्या डोंगरावरील करवंदाचा मुरंबा ज्याने चाखिला आहे त्यास त्याची कल्पना सहज येईल. कुस्करलेला बटाटा हा तेथील मध्यभागीचा भात समजावा, कारण सर्व रस्सा तो पोटात घेतो. जोडीस रताळी, मक्याचे दाणे, भोपळ्याच्या जातीची फळभाजी, उकडलेले कांदे व शलगम. आणि भोपळ्याची पाय म्हणजे काय? शिजलेल्या लाल भोपळ्यात दूध, अंडी, साखर, दालचिनी व सुंठ घालून केलेले सारण. आमच्या घरी भोपळा व गूळ शिजवून घारगे करितात, त्यांची ती सातासमुद्रांपलीकडील बहीणच होय. लाल भोपळा, मका, बटाटा, रताळे व मिरची ही सर्व मूळची अमेरिका खंडातील आहेत, हे येथे सांगितले पाहिजे. तेव्हा घारगे खाताना आपणही त्या भूमीचे थोडे उपकार मानण्यास हरकत नाही.

एवढे जेवण एका दिवसात रांधणे शक्य नसते. म्हणून खरी परीक्षा असते ती योजनेची. भट्टी एकच व ती पक्ष्याकरिता अडते. पाचसहा किलो वजनाचा टर्की भाजावयास तीन ते चार तास लागतात. म्हणून जाणती गृहिणी उलटा हिशेब करिते. जेवणाची वेळ ठरवून तेथून मागे मोजीत यावयाचे. जे थंड खावयाचे ते सर्वांत आधी. पाया कित्येक दिवस अगोदर भाजून थंड कोठारात ठेवावयाच्या. त्या काळी न्यू इंग्लंडातील थंडीच त्यांस राखीत असे. फळाचा मुरंबा दोन-तीन दिवस आधी, म्हणजे तो मुरतो. पाव आदल्या दिवशी कापून सुकत ठेवावयाचा. ताजा पाव सारणात चिखल होतो. भाज्या सोलणे व चिरणे ही कामे आदल्या सायंकाळी मुलांकडे. सणाच्या सकाळी फक्त पक्षी भट्टीत जातो. तो बाहेर निघाला म्हणजे अर्धा तास तसाच झाकून ठेवितात, तेवढ्या अवधीत भाज्या गरम होतात, आणि पक्ष्याच्या भांड्यात उतरलेल्या रसाचा रस्सा सर्वांच्या शेवटी होतो. होळीच्या आदल्या रात्री पुरण शिजवून ठेवणाऱ्या आमच्या भगिनींस हे शास्त्र नवे नाही. ज्या घरी एकाच बाईने सकाळपासून चुलीपुढे बसावे व सर्वांच्या मागून निवलेले अन्न खावे, त्या घरी मात्र ह्या योजनेपासून शिकण्यासारखे आहे. कारण तिचा हेतूच असा की रांधणारीही पंगतीस बसावी.

कादंबरीने हेलबाईंचे नाव झाले. बॉस्टन येथे स्त्रियांकरिता एक मासिक काढण्याचे घाटत होते. त्याच्या संपादनाचे निमंत्रण त्यांस आले आणि १८२८ च्या जानेवारीत त्याचा पहिला अंक निघाला. स्त्रीने मासिकाचे संपादन करावे ही गोष्ट त्या वेळी अपूर्व होती. १८३७ मध्ये फिलाडेल्फिया येथील लुई गोडी ह्या प्रकाशकाने ते मासिक आपल्या ‘लेडीज बुक’ ह्या मासिकात मिळवून घेतले व बाईंस संपादिका नेमिले. त्या पदावर त्या १८७७ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे राहिल्या. १८६० च्या सुमारास ह्या मासिकाच्या दीड लाख प्रती खपत. त्या काळच्या अमेरिकेत हा फार मोठा आकडा होता. पोशाखांची रंगीत चित्रे व पाककृती ह्यांच्या आडून बाईंनी त्या मासिकात आपले खरे काम चालविले. ते काम म्हणजे मुलींस शिक्षण मिळाले पाहिजे, शिक्षिकांस नेमिले पाहिजे, स्त्रियांस वैद्यक शिकविले पाहिजे, हे वाचकांच्या मनावर बिंबविणे.

त्या नुसत्या लिहूनही थांबत नसत. बॉस्टन बंदरात खलाशांच्या विधवा व बायका उपाशी मरत. त्यांच्याकरिता बाईंनी १८३३ मध्ये साहाय्यक मंडळी स्थापिली व त्यांनी शिवलेले कपडे वाजवी दराने विकण्याची सोय केली. बंकर हिल येथील स्वातंत्र्ययुद्धाचे स्मारक द्रव्याअभावी अर्धवट पडले होते. १८४० मध्ये बाईंनी स्त्रियांकडून एक बाजार भरवून तीस हजार डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली व ते पुरे होण्यास हातभार लाविला.

परंतु ज्या कार्याने त्यांचे नाव राहिले ते ह्याहून निराळे. १८४६ पासून त्यांनी एक गोष्ट मनात धरिली. नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार हा सर्व संस्थानांनी एकाच वेळी उपकारस्तुतीचा दिवस म्हणून पाळावा. अध्यक्ष वॉशिंग्टन ह्यांनी ता. २६ नोव्हेंबर १७८९ रोजी असा दिवस पाळविला होता. पुढे मात्र ती प्रथा राष्ट्रात टिकली नाही. उत्तरेकडील व दक्षिणेकडील संस्थानांत गुलामगिरीच्या प्रश्नावरून तेढ वाढत होती. एका दिवशी सर्व देश एका पंगतीस बसला तर हे तुटत चाललेले घर सांधले जाईल, अशी बाईंची आशा होती. त्या दर वर्षी मासिकात लेख लिहीत, संस्थानांच्या गव्हर्नरांस स्वहस्ते पत्रे पाठवीत, आणि जो कोणी राष्ट्राध्यक्ष होईल त्यासही लिहीत. टेलर, फिलमोर, पिअर्स व बुखॅनन असे चार अध्यक्ष आले आणि गेले. कोणीही हे मनावर घेतले नाही. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी १८५६ मध्ये ही सूचना साफ झिडकारिली. उत्तरेच्या लोकांचा हा सण, त्याशी आम्हांस काय कर्तव्य, अशी दक्षिणेत पुष्कळांची भावना होती. तरी १८५९ पर्यंत तीस संस्थानांनी तो दिवस पाळण्याचे मान्य केले. दोन वर्षांनी यादवी युद्ध पेटले. एका पंगतीने घर सांधले जाईल ही बाईंची आशा खोटी ठरली.

येथे कोणीही हात टेकिले असते. बाई तेव्हा बहात्तर वर्षांच्या होत्या. परंतु त्यांनी लिहिणे सोडिले नाही. १८६३ च्या जुलैत गेटिसबर्ग येथे तीन दिवस लढाई झाली; दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे पन्नास हजार लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्याच वर्षी ता. २८ सप्टेंबर रोजी हेलबाईंनी अध्यक्ष लिंकन ह्यांस पत्र लिहिले आणि अवघ्या पाच दिवसांनी, ता. ३ ऑक्टोबर रोजी, लिंकन ह्यांचा जाहीरनामा निघाला. त्यात ईश्वराचे उपकार मानण्याबरोबरच विधवा, अनाथ व युद्धाने पोळलेले लोक ह्यांची आठवण ठेवावी असेही राष्ट्रास विनविले होते. ता. २६ नोव्हेंबरचा तो गुरुवार पाळण्यात आला आणि तेव्हापासून हा सण वर्षानुवर्षे अखंड चालू आहे. सतरा वर्षांच्या खटपटीस असे फळ आले.

आता कोणी विचारील की, घरोघरी मृत्यू झाला असता उपकार कसले मानावयाचे? हा प्रश्न आमच्या भागास परका नाही. २०२१ च्या जुलै महिन्यात, ता. २२ रोजी, सावित्रीचा पूर महाड शहरात शिरला. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून कित्येक कुटुंबे समूळ नाहीशी झाली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे नेली. ज्या घरी चिखलाखाली धान्य कुजले व ज्या घरी पानावर बसणारे माणूसच उरले नाही, त्या घरास उपकार मानण्याचा उपदेश करणे ही निर्दयता होईल. तेव्हा हेलबाईंच्या काळ्या पोशाखाकडे पाहावे. ज्या बाईंनी हा सण मागितला त्या स्वतः जन्मभर दुखवट्यात होत्या. दुःख विसरून उपकार मानावे असे त्यांनी कधी सांगितले नाही. पतीच्या मृत्यूनंतर शेजाऱ्यांनी व मित्रांनी आपली चूल विझू दिली नाही, हे त्या विसरल्या नव्हत्या. आणि म्हणून उपकारस्तुतीचा अर्थ त्यांनी असा केला की, आपणांस ज्याने वाचविले त्याचे स्मरण करावे व ज्याचे पान रिकामे आहे त्यास आपल्या पानातले द्यावे. त्या महापुराच्या दिवसांत दूरदूरच्या गावांहून अनोळखी लोक शिजलेले अन्न व पिण्याचे पाणी घेऊन आमच्या भागात आले. ते अन्न ज्यांनी खाल्ले त्यांस उपकारस्तुती म्हणजे काय हे कोणी शिकविण्याची गरज नाही.

हेलबाईंचे गुण गाताना त्यांच्या उणिवा झाकणे योग्य नव्हे. त्यांनी स्त्रीशिक्षणाकरिता आयुष्य वेचिले. परंतु स्त्रियांस मताचा अधिकार मिळावा हे त्यांस पसंत नव्हते. राजकारण हे स्त्रियांचे क्षेत्र नव्हे असे त्या मानीत. गुलामगिरी त्यांस अमान्य होती, तरी तीविरुद्ध मासिकात आवाज उठविण्याचे त्यांनी टाळिले. युद्ध पेटले असताही त्याचा उल्लेख त्या मासिकाच्या पानांत बहुधा येत नसे.

सणाच्या मूळ कथेचीही दुसरी बाजू विद्यार्थ्यांनी समजून घ्यावी. मेफ्लॉवर जहाजाने प्लिमथ येथे उतरलेल्या १०२ उतारूंपैकी निम्मे पहिल्याच हिवाळ्यात मेले. तेथील मूळच्या लोकांपैकी टिस्क्वांटम नावाच्या एका गृहस्थाने उरलेल्यांस मका पेरण्यास शिकविले, म्हणून १६२१ मध्ये पीक आले. त्या वेळी तीन दिवस जेवणावळ झाली. वाम्पानोआग जमातीचा नायक मॅसासॉइट नव्वद माणसांनिशी आला व त्याच्या लोकांनी पाच हरणे मारून आणिली. त्या जेवणात बटाटे नव्हते, भोपळ्याची पाय नव्हती. पुढे दोन पिढ्यांच्या आतच ह्या दोन समाजांत घनघोर युद्ध होऊन मूळच्या लोकांची धूळधाण झाली. म्हणून त्यांचे काही वंशज १९७० पासून त्याच दिवशी प्लिमथ येथे जमून शोक पाळितात. ज्याने पेरण्यास शिकविले त्याच्या मुलांस पंगतीतून उठविले, ही त्या पानावरील कडू चव आहे आणि ती साखरेने झाकिता येत नाही. हेलबाईंचे चिरंजीव होरेशिओ हेल हे भाषाशास्त्रज्ञ झाले व त्यांनी त्या खंडातील मूळच्या लोकांच्या भाषा व परंपरा टिपून ठेविण्यात आयुष्याचा मोठा भाग घालविला, एवढे समाधान.

बाईंच्या कार्याचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचतो. फिलाडेल्फिया येथे १८५० मध्ये स्त्रियांकरिता वैद्यकीय कॉलेज निघाले, तेव्हा समाजातील पुष्कळ थोर पुरुष त्याची थट्टा करीत होते. हेलबाईंनी आपल्या मासिकातून स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाचा सतत पुरस्कार केला आणि १८५१ मध्ये स्त्री-डॉक्टरांस परदेशी धाडण्याकरिता एक मंडळी स्थापिली. त्याच कॉलेजातून १८६९ मध्ये उत्तीर्ण झालेल्या क्लारा स्वेन १८७० मध्ये बरेली येथे येऊन रुग्णसेवा करू लागल्या. आणि त्याच कॉलेजातून ता. ११ मार्च १८८६ रोजी कल्याणच्या आनंदीबाई जोशी ह्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली; त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. हेलबाई हे पाहण्यास हयात नव्हत्या. परंतु ज्या दारातून आनंदीबाई आत गेल्या ते उघडे राहावे म्हणून ज्यांनी लेखणी झिजविली, त्यांत हेलबाई होत्या.

१८७७ च्या डिसेंबरात, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांनी संपादकपद सोडिले आणि ता. ३० एप्रिल १८७९ रोजी फिलाडेल्फिया येथे देह ठेविला. त्यांचा सण त्या वेळी दर वर्षी अध्यक्षांच्या जाहीरनाम्यावर अवलंबून होता. तो नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी पाळावा, असा कायदा अमेरिकेच्या काँग्रेसने १९४१ मध्ये केला.

आमच्या भागात टर्की मिळत नाही व क्रॅनबेरीही होत नाही. त्यांची उणीव मानण्याचे कारण नाही. उपकारस्तुती आपल्या मातीतही आहे. आश्विनी पौर्णिमेस कोकणात भाताच्या लोंब्या, नाचणी, वरी व झेंडू ह्यांचे नवे दारावर बांधितात. ख्रिस्ती मंडळ्यांत कापणीच्या सणास पहिले पीक मंदिरात आणितात. कोणा कुटुंबास हेलबाईंच्या आठवणीने एक पान मांडावयाचे असेल तर त्यांनी नव्या तांदळाचा भात व भाकरी करावी, घरची कोंबडी किंवा कडव्या वालांचे बिरडे मध्ये ठेवावे, वैशाखात घालून ठेविलेला करवंदाचा मुरंबा डावीकडे वाढावा, रताळी भाजावी, कोकमाचे सार करावे, आणि शेवटी लाल भोपळ्याचे घारगे. घारग्यांची कणीक व मुरंबा आधी, भाकरी सर्वांच्या शेवटी, हा क्रम सांभाळावा. चिरण्या-निवडण्याचे काम मुलामुलींनी सारखे वाटून घ्यावे. सर्वांत लहान मुलास मोठ्यांच्या ओळीत जागा द्यावी. वाढणारीने सर्वांबरोबर बसावे. आणि पंगत बसण्यापूर्वी एक पान भरून शेजारच्या अशा घरी पाठवावे, जेथे ह्या वर्षी कोणी गेले आहे किंवा काही बुडाले आहे. इतके केले तर टर्कीवाचूनही तो दिवस साजरा होईल, आणि काळ्या पोशाखातील त्या बाईंस जे मागावयाचे होते ते आमच्या ह्या डोंगरांतही मिळेल.